शेजारच्या सीटवर

वेस्ट ग्लेशिअर, मॉन्टाना
७ जुलै १९८४

प्रिय ऑरिन,

पोचलो. सगळे धडधाकट, घरगाडीही धडधाकट. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण तू पाकीट फोडल्या फोडल्या तेवढंच शोधणार आणि बाकीचं पत्र जेवणानंतरसाठी ठेवणार. काल इथल्या घरगाड्यांच्या तळाच्या कचेरीतून फोन केला होता. तू नुसतं "कोण? कोण बोलतंय?" करत राहिलास आणि शेवटी "आम्हाला काही विकत घ्यायचं नाही" म्हणून फोन ठेवून दिलास. तेव्हा आपली पत्रंच बरी.

ओढ्याकाठची नेहमीची जागा या वर्षी मिळाली नाही. तिथे अलाबामाचं एक जोडपं ठाण मांडून बसलंय. त्यांची गाडी एवढी लांब आहे की नवरा पुढच्या दाराने उतरला आणि बायको मागच्या, तर दोघांची गाठ जेवायलाच पडत असेल. आपल्याला वरच्या अंगाची, दोन पाइनच्या मधली जागा दिली. उतार आहे, पण चाकांखाली फळ्या घातल्या आणि गाडी सपाट झाली. टेबलावर ठेवलेली कॉफी हलत नाही.

वाटेत ब्राउनिंगपाशी नेहमीचा वारा होता. गाडीला ढुशा बसत होत्या, पण रेषेत राहिली. मागच्या बाजूला सॉन्याने अस्वलाचं एक मोठं चित्र चिकटवलंय. नातीचा हट्ट.

लेलंडने सांडपाण्याचा पाइप स्वतः जोडला. म्हणजे जोडला असं त्याला वाटलं आणि त्याने झडप उघडली. अलाबामाचे गृहस्थ मदतीला आले होते, त्यांना बूट टाकून द्यावे लागले. पण हसत टाकले, आणि आता दोघांची गट्टी जमली आहे. मर्लिस म्हणते, "आई, यांना कोणाशी ओळख करून घ्यायची असली की असंच काहीतरी होतं."

एक बोलायचं आहे. निघताना तू अंगणात उभा राहून आपल्या लेलंडला म्हणालास, "हाव्हर गाव यायच्या आत गाडी खड्ड्यात घालशील." त्याच्या बायकोसमोर, मुलीसमोर. तो हसला, पण मला ते हसणं त्याच्या लहानपणापासून माहीत आहे. तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर सप्टेंबरपर्यंत स्टिअरिंग धरायचं नाही हे डॉक्टरांनी सांगितलं, आम्ही नाही. आणि शेजारच्या सीटवर बसून यायला तुला कोणी मनाई केली नव्हती. तू म्हणालास, "माझ्याच गाडीत मी सामानासारखा बसणार नाही." लग्न झाल्यापासून मी त्या सीटवर बसते आहे, ऑरिन. सामानाला बरंच काही दिसतं.

औषधाचे थेंब चुकवू नकोस. शेजारच्या ओस्टबीबाई जेवण आणून देतील, त्यांच्या बटाट्याच्या परातीला नावं ठेवू नकोस.

तुझी,
अ‍ॅडलीन

*

रग्बी, नॉर्थ डकोटा
११ जुलै

अ‍ॅडलीन,

पत्र मिळालं.

१. गाडीला चित्रं चिकटवायची नाहीत. गोंद रंग खातो.
२. चाकांमधली हवा सकाळी, गार असताना बघायची.
३. पाइप जोडल्यावर तो हाताने ओढून बघायचा आणि मग झडप. हे मी लेलंडला त्याच्या लग्नाआधीच सांगितलं होतं.

तू लिहितेस, गाडी रेषेत राहिली. ब्राउनिंगच्या वाऱ्यात गाडी आपण होऊन रेषेत राहत नाही, कोणीतरी ती तशी ठेवावी लागते. मी काउंटीच्या बर्फ काढायच्या गाडीवर सगळा जन्म काढला आणि त्या वाऱ्यात माझेही दंड भरून यायचे. लेलंडने खरंच धरली? आणि ती दोन पाइनमधली जागा मला चांगली ठाऊक आहे. तिथे गाडी उलटी घालायची म्हणजे बाटलीत बूट घालण्यासारखं. फोटो पाठव.

डॉक्टरकडे जाऊन आलो. डोळा ठीक आहे. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

ओस्टबीबाईंनी सोमवारी परात आणली. आज बुधवार, तीच परात चालू आहे. मी नावं ठेवत नाही, नुसतं कळवतो.

इथे पाऊस नाही. रेडिओ दिवसभर चालू ठेवतो. हवामान सांगतात.

ऑरिन

*

वेस्ट ग्लेशिअर
१५ जुलै

प्रिय ऑरिन,

फोटो सोबत आहे. अलाबामाच्या बाईंच्या कॅमेऱ्याने काढला, लगेच हातात पडतो. गाडीपुढे उभे आहेत ते लेलंड, मर्लिस आणि सॉन्या. माझा अर्धाच हात आलाय, मी टेबलावरची बरणी बाजूला करत होते.

तू लेलंडबद्दल विचारलंस. तो सगळ्या वाटेत पुढेच बसला होता, आणि गाडी त्या जागेत जाताना खिडकीतून डोकं बाहेर काढून झाडांवर नजर ठेवून होता. घामाने शर्ट भिजला होता त्याचा.

इथे रोज काही ना काही चाललेलं असतं. मंगळवारी अस्वलाचं एक पिल्लू अलाबामावाल्यांच्या कापडी पडवीखाली शिरलं आणि जांभळ्या बेरीचा अख्खा केक घेऊन गेलं. बाई त्याच्यामागे झाडू घेऊन निघाल्या, तर नवरा ओरडला, "अगं, त्याची आई कुठे असेल ते आधी बघ." तशा त्या जागच्या जागी थिजल्या, आणि झाडू असा धरून उभ्या राहिल्या की जणू झाडायलाच आल्या होत्या. सॉन्या अजून ती नक्कल करते.

संध्याकाळी लेलंड तळावरच्या लोकांना गोळा करतो. कोणाकडे अ‍ॅकॉर्डिअन आहे, कोणाकडे तोंडाने वाजवायची पेटी, एकाकडे नुसते चमचे. शाळेत वाजवायला शिकवतो ती मुलं नाहीत तर हे.

आता तुझ्याबद्दल. डोळा ठीक म्हणजे काय? तुझं "लिहिण्यासारखं काही नाही" मला चांगलं माहीत आहे. लष्करात असताना पाय मोडला तेव्हाही तू हेच लिहिलं होतंस, आणि मग स्टेशनवर कुबड्या घेऊन उतरलास.

तुझी,
अ‍ॅडलीन

*

रग्बी
१९ जुलै

लेलंड,

हे पत्र तुला आहे. आईला दाखवू नकोस.

फोटो मिळाला. खिडकीशी नेऊन भिंगाखाली बघितला. दोन्ही बाजूंना झाड आणि गाडी यांच्यामध्ये हात घालायला जागा नाही. मागचं चाक फळीच्या मधोमध. पुढची चाकं सरळ. धांदरट माणूस चाकं वाकडी सोडून उतरतो. त्या जागेत मी गाडी घातली होती तेव्हा झाडाची साल निघाली, आणि साल आधीपासूनच तशी होती असं मी तुझ्या आईला सांगितलं.

अंगणात बोललो ते बोलायला नको होतं. तुझ्या बाबतीत बोलायला नको असं मी पुष्कळ बोललो आहे. तू शाळेत गाणं-बजावणं शिकवायला गेलास तेव्हा मला वाटलं, पोरगा वाया गेला. मला जे येतं ते तुला यावं, एवढंच मला कळत होतं. तू माणूस चांगला झालास. बायकोशी नीट बोलतोस. मुलीला वेळ देतोस. मी दिला नाही. हे मला तोंडाने बोलता येणार नाही म्हणून लिहितो.

आता दुसरं. डॉक्टर म्हणाले, डोळा आहे एवढाच राहील. मोठी गाडी पुन्हा नाही, सप्टेंबरातही नाही. आईला सांगितलेलं नाही, तिची सुट्टी नासेल. मी गाडी विकून टाकणार होतो. फोटो बघून विचार बदलला. गाडी तुझी. कागद करायला सांगतो. वर्षातून एकदा आईला डोंगरात घेऊन जात जा. तिला ते लागतं. मी घर सांभाळीन.

तुझा बाप

*

वेस्ट ग्लेशिअर
२३ जुलै

बाबा,

तुमचं पत्र मी ओढ्याकाठी बसून वाचलं. मग पुन्हा वाचलं. मर्लिसने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, शेकोटीचा धूर डोळ्यांत गेला. शेकोटी पेटवलेलीच नव्हती.

गाडी मी घेऊ शकत नाही, कारण ती मी चालवलेली नाही.

वुल्फ पॉइंटला पेट्रोल पंपावर मी गाडी मागे घेत होतो. हवेच्या यंत्राजवळ पत्र्याची पाटी होती, ती आडवी झाली. अस्वलाचं चित्र ज्याच्यावर आहे तो पोचा तिथला. सॉन्याचा हट्ट वगैरे काही नाही. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलो. तुमचं अंगणातलं बोलणं कानात होतं, आणि हाव्हर अजून बरंच लांब होतं.

आई मागून पुढे आली आणि म्हणाली, "सरक."

मी म्हटलं, "आई, ही काय साधी मोटार आहे?"

"नाही. ट्रक आहे. आत भांडी आहेत, एवढंच."

तिने खाली उशी घेतली, आरसे आपल्या उंचीला लावले आणि गाडी पंपावरून अशी बाहेर काढली की पाटीवाला माणूस भांडायचं विसरला. मी विचारलं, हे कधी शिकलीस? ती म्हणाली, "युद्धात. माझे भाऊ गेले होते. गहू बाजारात कोणीतरी न्यायला हवाच होता."

"मग बाबांना कधी बोलली का नाहीस?"

"त्यांना माहीत होतं, विसरले. त्यांना चालवायला आवडायचं. आणि त्यांना मजेत बघायला मला आवडायचं." मग थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "पहिली वीस वर्षं."

ब्राउनिंगच्या वाऱ्यात गाडी तिने धरली. त्या दोन झाडांमध्ये तिने घातली, एका दमात. अलाबामाचे गृहस्थ खुर्चीतून उठून उभे राहिले होते. मी खिडकीतून डोकं काढून होतो हे खरं, पण "आई, झाड" याखेरीज माझ्या तोंडून काही निघालं नाही, आणि ती म्हणाली, "दिसतंय मला झाड." तुमचा डोळा बरा होईपर्यंत गप्प राहायचं असं तिनेच आम्हाला बजावलं होतं. तुमच्या जिवाला लागेल म्हणून.

मीही गप्प राहिलो असतो. तुम्ही गाडी माझ्या नावावर करणार नसता तर बहुतेक राहिलोच असतो. पण मी गाडी घेतली आणि पुढच्या वर्षी आई पुन्हा शेजारच्या सीटवर बसली, हे मला बघवणार नाही. चालवताना ती गुणगुणते, बाबा. मी तिच्याच पोटचा, गाण्यावर पोट भरतो, आणि तिला गुणगुणताना मी आजवर ऐकलं नव्हतं.

डोळ्याचं तिला मी सांगितलेलं नाही. ते तुम्ही सांगायचं आहे.

आणि ते पत्र. खरं तर परत पाठवायला हवं. गाडीबद्दलचा मजकूर माझा नाही. पण बाकीचा मला ठेवायचा आहे, तुमची हरकत नसेल तर.

लेलंड

*

वेस्ट ग्लेशिअर
२९ जुलै

ऑरिन,

तुझं पत्र आलं नाही. रोज कचेरीत जाऊन विचारते, तर तिथली मुलगी मला लांबूनच बघून मान हलवायला लागली आहे. लेलंडला विचारलं तर तो बूट बांधायला खाली वाकतो. फोन केला तर तू उचलत नाहीस.

राग आला असेल तर राग लिही. चार ओळी लिही, शिव्या लिही. रिकामं पाकीट पाठवलंस तरी चालेल, निदान त्यावर तुझं अक्षर असेल.

अ‍ॅडलीन

*

रग्बी
३० जुलै

अ‍ॅडलीन,

लेलंडने मला सगळं लिहिलं. त्याच्यावर रागावू नकोस. मी त्याला आधी एक पत्र लिहिलं होतं, म्हणून त्याला लिहावं लागलं.

तीन-चार दिवस मी रागात होतो. ओस्टबीबाई आल्या तेव्हा त्यांच्यापाशी बोललो. त्या इतक्या हसल्या की परात खाली ठेवावी लागली. म्हणाल्या, "ऑरिन, तू काउंटीच्या कामावर असताना आमचा ट्रॅक्टर चिखलात रुतला होता, तो कोणी काढला असं तुला वाटतं?" म्हणजे सगळ्या गल्लीला माहीत आणि मला नाही. मला वाटायचं, मी चालवतो म्हणून आपण जातो.

डोळ्याचं तुझ्यापासून लपवलं. तो बरा होणार नाही. पेपर वाचता येईल, बागेत काम करता येईल. मोठी गाडी नाही. डॉक्टर चांगला होता, दोनदा सांगितलं त्याने, कारण पहिल्यांदा मी ऐकू न आल्यासारखं केलं. तिथून मी चालत घरी आलो आणि तुला पत्र लिहिलं.

तू चालवतेस तर चालव. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणजे आहे, पण ते चुकीचं आहे एवढं कळतं.

मला एवढंच समजत नाही की चालवत नसताना माणूस गाडीत करतो काय? हात कुठे ठेवायचे?

ऑरिन

*

वेस्ट ग्लेशिअर
२ ऑगस्ट

प्रिय ऑरिन,

डोळ्याचं वाचलं आणि गाडीच्या पायरीवर जाऊन बसले. मर्लिस कॉफी ठेवून गेली, काही न विचारता. डॉक्टरकडून एकटा चालत घरी आलास आणि मला चाकांतल्या हवेबद्दल लिहिलंस. मी तिथे असते तर तुला बोलायला लावलं नसतं, पण सोबत चालले तरी असते.

मीही तुझ्यापासून लपवलं. तेव्हा फिटंफाट.

हात मांडीवर ठेवायचे. कंटाळा आला की सफरचंद सोलायचं आणि चालवणाऱ्याला फोडी द्यायच्या. नकाशा बघायचा. कुठे वळायचं ते सांगायचं, आणि त्याने ऐकलं नाही आणि रस्ता चुकला, तर खिडकीबाहेर बघायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड. मला जमलं, तुलाही जमेल.

पुढच्या गुरुवारच्या रेल्वेने ये. लेलंड आणि मंडळी शनिवारनंतर रेल्वेनेच परत जाणार आहेत, त्याची शाळा उघडायच्या आधी वाद्यं दुरुस्त करायची आहेत. मला एवढ्यात घरी यायचं नाही. स्टेशन इथून अगदी जवळ आहे. घ्यायला मी येईन. कशातून, ते तुला माहीत आहे.

ओस्टबीबाईंची परात धुऊन परत दे.

तुझी,
अ‍ॅडलीन

*

ऑलिंपिक पार्क, वॉशिंग्टन
२१ ऑगस्ट

लेलंड,

तू विचारलं होतंस त्याचं उत्तर तोंडावर द्यायला मला जमलं नाही. हरकत नाही. पत्र ठेव. गाडीबद्दलच्या ओळी खोड आणि बाकीचं राहू दे. तुझ्या जागी मी असतो तर गाडीच्या ओळींसकट ठेवलं असतं आणि कोणाला पत्ता लागू दिला नसता.

आम्ही ठीक आहोत. तुझी आई छान चालवते. वळणाच्या आधी जरा उशिरा वेग कमी करते, पण मी बोलत नाही. पहिल्या दिवशी बोललो. तिने गाडी बाजूला घेतली, किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि मागे जाऊन कपड्यांच्या घड्या घालायला लागली. मी थोडा वेळ किल्लीकडे बघत बसलो आणि मग नेऊन दिली. तेव्हापासून बोलत नाही. सफरचंदं बरीच सोलली. माझ्या साली जाड निघतात म्हणते.

एक सांगायचं राहिलं. त्या शनिवारी संध्याकाळी तू तळावरच्या लोकांना वाजवायला लावलंस. मला सुरातलं कळत नाही हे तुला माहीत आहे. पण तो पेटी वाजवणारा म्हातारा सारखा मागे पडत होता. तू त्याच्याकडे बघितलंही नाहीस. बाकीच्यांनाच तू हळूहळू सावकाश केलंस, तो येऊन मिळेपर्यंत, आणि मग सगळे मिळून पुढे गेले. त्या म्हाताऱ्याला कळलंसुद्धा नसेल. मला कळलं. मी असतो तर त्याला बाजूला बसवलं असतं. तीस वर्षं माझ्या हाताखाली पोरं होती आणि मी कित्येकांना बाजूला बसवलं. तू शाळेत दिवसभर काय करतोस ते मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा समजलं.

काल आम्ही किनाऱ्याच्या रस्त्याने येत होतो. तुला आठवत असेल, लहानपणी तू मागच्या सीटवरून ओरडायचास, "बाबा, थांबा ना," आणि मी म्हणायचो, "येताना बघू." आणि येताना आपण दुसऱ्याच रस्त्याने यायचो, कारण तो जवळचा असायचा. तर काल एका वळणावर झाडी एकदम संपली आणि खाली समुद्र दिसला. मी म्हटलं, "अ‍ॅडलीन, थांब."

ती म्हणाली, "येताना बघू."

हात मांडीवर ठेवले आणि खिडकीबाहेर बघितलं. चांगला दोन-तीन मैल रस्ता मागे गेला. मग एका रुंद जागी तिने गाडी वळवली, सगळा रस्ता परत आली आणि त्याच वळणावर कठड्याशी नेऊन उभी केली. माझी खिडकी समुद्राच्या बाजूला येईल अशी.

अंधार पडेपर्यंत आम्ही तिथेच होतो. मागून येणाऱ्या गाड्यांनी दोन-चार भोंगे वाजवले, त्यांना मी हाताने पुढे जायला सांगितलं.

तुझा बाप